सोडणारा दादा, धरणारा मी

घरात कुत्रं असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते कुत्र्याच्या केसांसारखे असतात. सकाळी झाडून काढा, दुपारी परत तेवढेच. गोधडीत सापडतात, पिठाच्या डब्यात सापडतात, एखादा तर पाहुण्याच्या कोटाला चिकटून परगावी जातो. आमच्याकडे दर रविवारी कुत्री आणि त्यांचे मालक जमायचे, म्हणजे तर विचारूच नका.

हे किस्से सांगायचं काम दादाचं होतं. तो उभा राहून, हातवारे करून, कुत्र्याचा आणि मालकाचा असे दोन्ही आवाज काढून सांगायचा. आता दादा नाही. अजून वर्षश्राद्ध व्हायचंय. लोक भेटायला येतात, तोंड पाडून बसतात, आणि मला ते तोंड बघवत नाही. मग मी आपला एक किस्सा सुरू करतो. तो संपला की लगेच दुसरा. मध्ये थांबलो की अवघड होतं.

*

कासार आंबोलीत रस्त्याच्या वर बंगले आहेत आणि खाली आमचं रान. वरच्या एका बंगल्यात राऊतसाहेब राहायला आले. मूळचे अमरावतीकडचे, नोकरी हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्यांचा कॅप्टन नावाचा लॅब्रेडॉर. कॅप्टन कसला, पिठाचं पोतं!

साहेब कंपनीच्या कामाला परदेशात गेले होते. तिथं त्यांनी कुत्र्यांचा एक खेळ बघितला. अडथळ्यांवरून उड्या मारायच्या, बोगद्यातून जायचं, काठ्यांमधून नागमोडी पळायचं, आणि जो न चुकता सगळ्यात लवकर संपवेल तो जिंकला. नाव ॲजिलिटी. हे शिकवलं तर कॅप्टनचं पोट उतरेल, असं साहेबांच्या मनात आलं. त्यांनी दादाकडे रान मागितलं.

दादाला कुत्र्यांचा नाद आधीपासूनच. त्याची हरणी त्यानं कुठल्याशा बंगल्याच्या गटारातून उचलून आणलेली. गावठीच, पण कंबर बारीक, पाय लांब. आमच्या शर्यतीच्या बैलाचं नाव हरण्या होतं, म्हणून ही हरणी. दादा लगेच कामाला लागला. पाण्याच्या जुन्या पाइपांचे अडथळे केले, टोमॅटोच्या काठ्या रांगेत रोवल्या, बांबूच्या कड्यांवर ताडपत्री चढवून बोगदा केला, आणि मोडक्या बैलगाडीची फळी ओंडक्यावर टाकून सी-सॉ.

शेजारच्या रानातले मारुतीनाना बघायला आले. नाना म्हणजे घाटातला, बैलगाडे पळवायच्या चढावरचा, पुकारणारा माणूस. त्यांनी ‘भिर्रर्र’ केलं की पार पौडपर्यंतची गुरं कान टवकारतात. त्यांनी अडथळे बघितले आणि म्हणाले, “कुंपण घालताय व्हय? लई बुटकं झालं की रं. कुत्रंसुदिक उडी मारून जाईल.”

दादा म्हणाला, “नाना, त्यासाठीच हाय.”

नानांनी तंबाखू मळून तोंडात टाकली, पुन्हा एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, “मग घालताय कशाला?”

*

बंगल्यांतली बाकीची कुत्रीही मालकांना घेऊन रविवारी रानात जमायला लागली. पहिल्याच रविवारी कॅप्टन बोगद्यात शिरला आणि बाहेर आलाच नाही. आत सावली, खाली गार माती. तो झोपला.

साहेब दुसऱ्या तोंडाशी ओणवे होऊन हाका मारायला लागले. “अबे कॅप्टन, चाल ना बे! ये ना रे बाप्पा!” कॅप्टनचं फक्त घोरणं ऐकू येत होतं. शेवटी साहेब स्वतः आत शिरले. साहेबांचं पोटही कॅप्टनपेक्षा फार मागं नव्हतं. निम्मे आत गेले आणि अडकले.

त्या गडबडीनं कॅप्टनला जाग आली. तो शांतपणे आत शिरला होता तिकडूनच बाहेर पडला, अंग झाडलं आणि दादाजवळ येऊन बसला. तेवढ्यात आई चहाची किटली घेऊन आली. दर रविवारी ती सगळ्यांना चहा आणायची. तिला बोगद्यातून बाहेर आलेले बूटवाले दोन पाय दिसले. तिनं किटली खाली ठेवली आणि दादाकडे बघितलं.

दादा साहेबांचं डोकं होतं त्या तोंडाशी वाकला आणि अगदी प्रेमानं म्हणाला, “साहेब, बिस्कीट दावू का?”

*

दादाला या खेळाचे नियम साहेबांनी पुष्कळदा सांगितले. त्यानं ते सगळे ऐकून घेतले आणि मग बैलगाड्याच्या रीतीनं काम सुरू केलं. घाटात काय असतं, खाली एकजण बैल सोडतो आणि वर एकजण धरतो. आमच्या घरात सोडणारा दादा, धरणारा मी. सुटलेली जनावरं अंगावर घ्यायची म्हणजे डोकं कमी लागतं, म्हणून ते काम मला, असं दादाच म्हणायचा.

हरणीचंही तसंच. खाली दादा तिचा पट्टा धरून बसायचा आणि रानाच्या वरच्या टोकाला मी लाल टॉवेल घेऊन उभा. साहेब सांगून थकले की मालकानं कुत्र्याबरोबर पळायचं असतं. दादा म्हणायचा, “तिला रस्ता दिसतोय. मी पळून काय करू?”

हरणीला बैलांचाच खुराक. खारीक, अंडी, वर तेलानं मालिश. बैल विकल्यापासून दादाचे हात रिकामेच होते. मालिश बघून राऊतसाहेब एकदा म्हणाले, पुढच्या जन्मी मले ह्याच घरातलं कुत्रं कर रे देवा.

आणि सोडायच्या आधी दादा हाताचा आडोसा करून हरणीच्या कानात काहीतरी सांगायचा. बैलांच्या कानातही सांगायचा. आमचे वडील, आबा, सांगायचे, त्यांच्याकडून दादानं घेतलेलं. ते ऐकलं की हरणीचं सगळं अंग ताणलेल्या दोरीसारखं व्हायचं. मी कितीतरी वेळा विचारलं, काय सांगतोस म्हणून. तो हसायचा.

“तू धरणारा. सोडणाऱ्याचं सोडणाऱ्यापाशी ऱ्हाऊ दे.”

एकदा मी लई मागं लागलो, तर म्हणाला, “तुझ्याबद्दलच सांगतो. वर एक येडा उभा हाय, त्याला पाड.” हे खोटं असणार. पण हरणी मला दर वेळी पाडायची हे खरं.

*

पुण्यात एकदा या खेळाची स्पर्धा होती. साहेबांनी हरणीचं नाव दिलं. आम्ही टेम्पो करून निघालो. टेम्पोत हरणी, कॅप्टन, साहेब, नाना, हलगीवाले, आणि गावातली निम्मी पोरं. गुलालाचं पोतं नाना मांडीवर घेऊन बसले होते.

मैदानावर हिरवळ, खुर्च्या, छत्र्या. सगळी कुत्री पार्लरमधून आल्यासारखी. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंचा पांढराशुभ्र पॉमेरियन होता, त्याच्या डोक्यावर रबर लावून शेंडी बांधलेली. हरणीच्या कपाळाला भंडारा. त्या बाईंनी अगदी नम्रपणे विचारलं, “हिला काय लागलंय का?” दादा म्हणाला, “नाद.”

हरणीचा नंबर आला. दादानं कानात सांगितलं, नानांनी ‘भिर्रर्र’ केलं, हलगी कडाडली. ते ऐकून रांगेतली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली. हरणी सुटली. आमच्या रानात सगळे अडथळे एका ओळीत होते. इथं ते वळणावळणानं मांडलेले. हरणीनं वळणं बघितलीच नाहीत. समोर लाल टॉवेल दिसत होता. सरळ रेषेत जेवढे अडथळे आले तेवढे ओलांडले, एका परीक्षकाच्या टेबलाखालून गेली आणि मला आडवं केलं.

आमच्या माणसांनी आयुष्यात एवढ्या लवकर संपलेली शर्यतीची बारी बघितली नव्हती. त्यांनी गुलाल उधळला. पोत्यातला सगळाच. वारा नेमका टेबलाकडे होता. परीक्षकांचा पांढरा शर्ट गुलाबी झाला, पॉमेरियनही गुलाबी झाला, आणि बाईंनी त्याला उचलल्यावर बाईही.

माइकवरून सांगितलं की हरणी बाद.

नानांनी माइकवाल्याच्या हातातून माइक घेतला. सवयच त्यांची. “बाद तर बाद! पण घाटाची राणी कोण?” आणि निम्मा टेम्पो ओरडला, “हरणी!” परत येताना दादा टेम्पोच्या टपावर बसून आला. पिरंगुटच्या घाटात तो वरून पत्र्यावर ताल धरत होता आणि आम्ही खालून हलगी वाजवत होतो.

*

पुढं त्याच रस्त्यावर दादाची मोटारसायकल घसरली. हरणी मागं बसलेली होती. दादा गेला. हरणीचा मागचा पाय मोडला. एवढंच सांगतो.

पौडला जनावरांचे डॉक्टर आहेत. त्यांनी पायात सळई घातली, वर प्लास्टर घातलं, आणि हरणीनं ते कुरतडू नये म्हणून गळ्यात काहीतरी अडकवा म्हणाले. मी रंगाच्या बादलीचा तळ कापला आणि ती बादली तिच्या डोक्यात बसवली. बादलीवर ‘धुतला तरी जात नाही’ असं छापलेलं.

सुतकात माणसं येऊन बसायची. कुणी बोलायचं नाही. अशात फरशीवर टक टक आवाज यायचा. हरणी प्लास्टर आपटत, बादलीतून बघत, एकेकाच्या तोंडापाशी जायची. दादाला हुडकत असणार. बादलीत तोंड असल्यामुळे तिला समोरच्या माणसाचं तोंडही बादलीतच घ्यावं लागायचं. घोटावड्याचा आमचा मामा डोळे मिटून, मान खाली घालून सुस्कारे टाकत होता. हरणीनं जाऊन त्याच्या डोक्यावर बादली घातली. मामानं डोळे उघडले तर समोर अंधार आणि त्यात कुत्र्याची जीभ.

मामा जो ओरडला! आणि मला हसू फुटलं. भर सुतकात, सगळ्या भावकीसमोर. आवरेचना. आई उठून आत गेली. दाराच्या फटीतून तिची पाठ दिसत होती, खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मी बघायला गेलो नाही.

मामाला राग आला. म्हणाला, या लंगड्या कुत्र्याला पोत्यात घाल आणि घाटापलीकडं सोडून ये, घराला बरं नाही. मी बाहेर गेलो, मामाच्या चपला उचलल्या आणि कौलावर फेकल्या.

मामा माझ्या चपला घालून घरी गेला. अजून परत दिल्या नाहीत.

*

प्लास्टर निघालं. हाड जुळलं. पण हरणी तो पाय खाली टेकवेना. तीन पायांवरच चालायची. डॉक्टर म्हणाले, पाय बरा झालाय, पण असाच उचलून धरला तर वाळून जाईल. पाण्यात पोहायला लावा, पाण्यात गेली की चारही पाय मारेल.

आता हरणीला पाण्याचं भारी वावडं. राऊतसाहेबांनी इंटरनेटवरून कुत्र्याच्या लाइफ जॅकेटचं चित्र काढून आणलं. मी त्यांच्या नव्या टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल घेतला, सुतळीनं तिच्या दोन्ही बाजूंना बांधला आणि तिला उचलून नदीत घेऊन गेलो. थर्माकोल जरा जास्तच झाला होता. हरणी बुडायचं सोडाच, पाण्याला पोटसुद्धा लागलं नाही तिचं. तराफ्यावर बसल्यासारखी वर बसली आणि इकडे तिकडे बघायला लागली. मी गळ्याएवढ्या पाण्यात तिला ढकलतोय आणि ती सहलीला आल्यासारखी.

तेवढ्यात काठावर साहेबांजवळ बसलेल्या कॅप्टनला वाटलं मी बुडतोय. आयुष्यात पहिल्यांदा तो पळाला. पाण्यात उडी मारली, माझी हाफ पँट मागून तोंडात धरली आणि मला काठाकडे ओढायला लागला. मी पँट धरू की हरणीला धरू! हरणीला धरलं.

काठावर बाया कपडे धूत होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, “बघ की गं. कुत्रं कोरडंठाक, आन मालक धुऊन निघतोय.”

*

आता शेवटचं सांगतो.

दादा गेल्यापासून आई रानात आली नव्हती. रविवारचा चहा बंद. किटली फडताळात. मी तेराव्यानंतर रागानं सी-सॉवर कुऱ्हाड चालवली होती. पुढच्या रविवारी साहेबांनी नवीन फळी आणून ठेवली. बाकीचं तसंच उभं होतं.

डॉक्टर म्हणाले, हिवाळा सुरू व्हायच्या आत पाय टेकवला तर टेकवला, नाहीतर मग आशा सोडा. उड्या मारायच्या नाहीत, म्हणून आम्ही सगळे पाइप काढून जमिनीवर ठेवले. नुसतं ओलांडून जायचं. मी वर टॉवेल घेऊन उभा राहायचो. पण हरणी खाली बसून राहायची, रस्त्याकडे तोंड करून. पौडकडून एखादी मोटारसायकल आली की कान उभे करायची. गाडी पुढं गेली की कान खाली.

मग एकेकानं सोडून बघितलं. राऊतसाहेबांनी तिच्या कानात इंग्रजीत काहीतरी सांगितलं. हरणीनं जांभई दिली. नानांनी सगळ्या नामांकित बैलांची नावं घेतली. हरणीनं कान झाडला. मी वरून पळत आलो आणि मला जे जे येतं ते सगळं सांगितलं, शिव्यांसकट, आणि मग रडत रडत सांगितलं. तिनं माझं तोंड चाटलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागली.

“कानात माशी गेलीय, आसं वाटतंय तिला,” नाना म्हणाले. पण हळूच म्हणाले.

त्या रविवारी थंडी पडलेली होती. आम्ही सगळे नुसते उभे होतो. कॅप्टन नेहमीप्रमाणे बोगद्यात झोपलेला. बांधावरून आई येताना दिसली. हातात किटली. नानांनी तोंडातली तंबाखू थुंकली.

आई आली, किटली बांधावर ठेवली, पदर खोचला आणि गुडघ्यांना नावं ठेवत हरणीच्या शेजारी खाली बसली. घरात ती हरणीला “हाड”च्या पुढं कधी काही बोललेली नाही. तिनं हरणीचा पट्टा धरला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “बारक्या, हितं काय करतोस? वर जा.”

मी वर गेलो. टॉवेल हातात घेतला. तिकडून बघितलं तर आईनं हाताचा आडोसा केला होता. दादासारखाच. आणि हरणीच्या कानाला तोंड लावून बोलत होती. बराच वेळ बोलत होती. साहेबांनी टोपी काढली होती.

नानांना दम निघेना. “वैनी, रामायण सांगताय काय?”

आईनं लक्ष दिलं नाही. एवढ्या लांबूनही मला हरणीचं अंग ताणलेलं दिसलं. नाना ‘भिर्रर्र’ करायचं विसरले. उभ्या जन्मात एकदाही घाटावर न आलेल्या माझ्या आईनं ते स्वतः केलं. पातळ आवाजात, पण केलं.

हरणी सुटली. तीन पायांवर. पहिला पाइप ओलांडला, दुसरा ओलांडला, काठ्यांमधून लंगडत गेली आणि बोगद्यात शिरली. आत कॅप्टन आहे हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. ताडपत्री फुगली, हलली, आतून एक गुरगुर आली. आणि बोगद्याच्या माझ्या बाजूनं हरणी बाहेर पडली. चार पायांवर. तिच्या मागं कॅप्टन, जीव घेऊन पळत.

नाना शपथेवर सांगतात की बोगद्यात जायच्या आधीच तिनं पाय टेकवला होता. साहेब म्हणतात आत गेल्यावर, कॅप्टनच्या पोटावर टेकवला. यावरून त्यांची अजून भांडणं होतात. मला एवढंच दिसलं, जाताना तीन होते, येताना चार. मी टॉवेल पसरला. हरणी छातीवर आली, मी उताणा पडलो, वरून कॅप्टनही आला.

मी उठून पळत खाली गेलो. आई कपात चहा ओतत होती. चहा बशीत सांडत होता. मी विचारलं, “आई, काय सांगितलंस तिला? तुला कुणी शिकवलं? आबांनी का दादानं?”

आईनं कप माझ्या हातात दिला. माझ्या शर्टावर हरणीच्या पंजांची माती होती, ती पदरानं झटकली.

“धरलंस ना नीट?” ती म्हणाली. “मग तुझं काम झालं. चहा घे, गार होतोय.”